घरी नेता येईल असा कंपायलर

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रातल्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सी शिकणं म्हणजे टर्बो सी शिकणं होतं. डॉसवर उघडणारा निळा पडदा, एफ-टूने फाइल सेव्ह करायची, कंट्रोल-एफ-नाइनने प्रोग्रॅम चालवायचा, ऑल्ट-एफ-फाइव्हने आउटपुट बघायचं. हे बोटांना इतकं पाठ व्हायचं की व्हायवात एक्सटर्नलने काहीही विचारलं तरी एवढं तरी मुलं न अडखळता सांगायची. बोरलँड कंपनीने 1987 साली आणलेलं ते साधन आपल्या काळात उत्तमच होतं. एडिटर, कंपायलर, डीबगर आणि मदतीची पानं एकाच ठिकाणी, तीही 640 केबी मेमरीच्या मशीनवर. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ने कित्येकांना सीची गोडी लावली, ती याच पडद्यासमोर.

अडचण नंतर सुरू झाली. 1998 साली सीतूनच निघालेल्या सी++ या भाषेचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं, भाषा पुढे गेली, आणि आपल्या लॅबमधला पडदा होता तिथेच राहिला. जर्नलमध्ये प्रत्येक प्रोग्रॅम ‘व्हॉइड मेन’ने सुरू व्हायचा, ‘कोनिओ डॉट एच’ जोडलेली असायची, शेवटी ‘गेटच’ असायचं. पूर्णांक दोन बाइटचा, आणि 32767 मध्ये एक मिळवला की उत्तर उणे 32768. हे सगळे सीचेच नियम आहेत असं मुलांना वाटे. प्रत्यक्षात ते एका कंपनीच्या एका कंपायलरचे आणि 16 बिटांच्या यंत्राचे नियम होते. शिकवण्याचं साधन बदललं नाही की त्या साधनाच्या मर्यादा विषयाच्या मर्यादा म्हणून पाठ होतात. म्हणूनच मुक्त साधनं आपल्या लॅबमध्ये कशी आली, हे मागे वळून पाहणं मला गरजेचं वाटतं.

ही साधनं आली ती पैसे वाचतात म्हणून, असं नेहमी सांगितलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. टर्बो सीला, फॉक्सप्रोसारख्या डेटाबेसला पैसे मोजणारी माणसं तेव्हा आजूबाजूला फारशी नव्हतीच. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर आणि पुढे सीडीवरून सीडीवर सगळं फिरायचं. पैसा त्या अर्थाने कधी आड आलाच नाही. आड यायची ती वेगळी गोष्ट. शिक्षकाला एखादं साधन विद्यार्थ्याच्या हातात उजळ माथ्याने देऊन म्हणता येत नव्हतं की हे घरी ने, भावाच्या मशीनवर टाक, उघडून बघ, मोडलं तर पुन्हा टाक. ते म्हणता येऊ लागलं हा खरा बदल.

या बदलाची सामग्री तशी जुनी. रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली 1983 साली, त्यांचा जीसीसी हा कंपायलर आला 1987 साली, म्हणजे टर्बो सी आलं त्याच वर्षी. लिनक्स 1991 चं. आपल्याकडे ते अनेकांनी पहिल्यांदा पाहिलं ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत येणाऱ्या सीडीवर. इंटरनेट फोनच्या तारेवरून कुरकुरत चालायचं त्या दिवसांत अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम अंकाबरोबर हातात पडत होती, आणि ती वाटायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

तरी लॅब बदलायला वेळ लागला. टर्बो सीमधला प्रोग्रॅम जीसीसीवर टाकला की पहिल्याच ओळीला ‘कोनिओ डॉट एच’ नावाची फाइल सापडत नाही असं उत्तर यायचं. सी++चा प्रोग्रॅम असेल तर कंपायलर बजावायचा की मेनने पूर्णांकच परत द्यायला हवा. मुलं गोंधळायची, काही शिक्षक चिडायचे. मला मात्र ते संदेश फार मोलाचे वाटतात. भाषा कुठे संपते आणि एका यंत्राची सवय कुठे सुरू होते, ही रेघ वर्गात त्या दिवशी पहिल्यांदा स्पष्ट व्हायची. ‘लेट अस सी’च्या पुढच्या आवृत्त्यांत लिनक्सवरच्या सीची प्रकरणं आली, त्याचाही उपयोग झाला. दुसरीकडे 64 बिटांचं विंडोज आलं तेव्हा त्यावर 16 बिटांचे प्रोग्रॅम चालेनात. मग टर्बो सी जिवंत ठेवण्यासाठी कॉलेजांनी डॉसबॉक्स वापरलं, आणि डॉसबॉक्स स्वतः मुक्त सॉफ्टवेअर आहे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी ठरवलं असतं तर हा वळसा टाळता आला असता. आपल्याकडे लॅबमध्ये काय चालणार हे शेवटी परीक्षा ठरवते.

टर्बो सी सोडताना खरोखर एक नुकसान होतं: ‘ग्राफिक्स डॉट एच’. गोल काढणारा, गाडी हलवणारा प्रोग्रॅम हीच अनेक मुलांची पहिली खुशी असायची, आणि साध्या टर्मिनलवर ती हरवली. ही उणीव आयआयटी मुंबईत अभिराम रानडे यांनी फार चांगली भरून काढली. सी++च्या पहिल्या अभ्यासक्रमासाठी त्यांनी ‘सिंपलसीपीपी’ ही लायब्ररी तयार केली. तिच्यात पहिल्याच तासाला मुलगा पडद्यावरच्या कासवाला शंभर पावलं पुढे जा, नव्वद अंशांत उजवीकडे वळ, हे चार वेळा कर असं सांगतो आणि चौकोन काढतो. कल्पना 1967 च्या लोगो भाषेतली, सीमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. रानडे यांनी ती सी++मध्ये अशी बसवली की खेळ संपताना मुलाच्या हातात खरी भाषा उरते. त्यांचं पाठ्यपुस्तक 2014 साली आलं. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला ते आणखी पुष्कळ ठिकाणी लागायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

डेटाबेसची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची.

आधी डीबेस आणि फॉक्सप्रो. मग ओरॅकल: स्कॉट हे नाव, टायगर हा पासवर्ड, एम्प आणि डेप्ट ही दोन टेबलं. त्यांच्यावर एसक्यूएल शिकलेली पिढीच्या पिढी आज नोकरीत आहे. पण ओरॅकल लॅबच्या सर्व्हरवर असायचं. प्रॅक्टिकलची वेळ संपली की डेटाबेस संपला. पुढे ओरॅकलने फुकटची छोटी आवृत्ती काढली. ती घरी नेता यायची, आत डोकावता येत नव्हतं.

पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसचा उगम विद्यापीठातलाच. बर्कलीत मायकेल स्टोनब्रेकर यांनी 1986 साली संशोधन म्हणून ते सुरू केलं, दोन विद्यार्थ्यांनी नंतर त्यात एसक्यूएल आणलं, आणि 1996 पासून ते पोस्टग्रेसक्यूएल या नावाने जगभरच्या स्वयंसेवकांच्या हाती आहे. पुणे विद्यापीठाने बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या प्रॅक्टिकलसाठी लिनक्स, जीसीसी आणि पोस्टग्रेस घेतलं, हा निर्णय या सगळ्या काळातला सर्वांत दूरदृष्टीचा होता. त्यामुळे पुणे, नगर, नाशिकच्या गावांतल्या कॉलेजांतली मुलं पहिल्या वर्षापासून काळ्या टर्मिनलवर पोस्टग्रेसचं पीएसक्यूएल उघडू लागली, ट्रिगर आणि कर्सर त्याच्याच पीएल-पीजीएसक्यूएल भाषेत लिहू लागली.

पोस्टग्रेसमध्ये शिकवण्यासारखं किती आहे हे ज्याने शिकवलं त्यालाच कळतं. दोन टर्मिनल शेजारी उघडायची. एकात ट्रॅन्झॅक्शन सुरू करून एका खात्याची रक्कम बदलायची आणि कमिट करायचं नाही. दुसऱ्यात तीच ओळ बघायची: जुनीच रक्कम दिसते. पुस्तकातलं ‘आयसोलेशन’ त्या क्षणी डोळ्यांसमोर येतं. मग आणखी एक करायचं: ट्रॅन्झॅक्शनच्या आत अख्खं टेबलच ड्रॉप करायचं आणि रोलबॅक द्यायचं. टेबल परत येतं. ओरॅकलमध्ये किंवा मायएसक्यूएलमध्ये हा प्रयोग होत नाही, कारण तिथे ड्रॉप केलं की आपोआप कमिट होतं. तीच गोष्ट इंडेक्सची. चार ओळींच्या टेबलावर इंडेक्स लावला तरी पोस्टग्रेस तो वापरत नाही. ‘एक्स्प्लेन’ लावलं की ते स्पष्ट दिसतं. एका आज्ञेत लाखभर ओळी भरल्या की तीच क्वेरी इंडेक्सकडे वळते. का, हा प्रश्न मुलं आपण होऊन विचारतात.

मायएसक्यूएल वेगळ्या वाटेने आलं. स्वीडनमध्ये 1995 साली सुरू झालेलं आणि 2000 साली जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुलं झालेलं हे साधन पीएचपीचा हात धरून आलं. झॅम्प टाकलं की अपाची, पीएचपी, मायएसक्यूएल एकदमच येत. बीसीए-बीसीएसच्या शेवटच्या वर्षाची लायब्ररी आणि हॉस्पिटल मॅनेजमेंटची प्रोजेक्टं वर्षानुवर्षं त्याच्यावर उभी राहिली. वेबसाइट उभी करण्यासाठी ते छान होतं. डेटाबेसची शिस्त शिकवण्यासाठी मात्र बराच काळ घातक होतं, हे ठामपणे सांगायला हवं. 2010 च्या 5.5 आवृत्तीपर्यंत त्याचं नेहमीचं स्टोरेज इंजिन फॉरिन की वाचायचं आणि सोडून द्यायचं. गुण शून्य ते शंभरमध्येच हवेत असा चेक लावून 140 भरले तरी ते निमूट घेतले जायचे. चेकची अंमलबजावणी सुरू झाली थेट 2019 मध्ये. जर्नलमध्ये उत्तर बरोबर, सही झालेली, आणि मशीन मुलाला सांगतंय की नियम लिहायचे असतात, पाळायचे नसतात. साधन खुलं आहे एवढ्यावरून ते शिकवायला योग्य ठरत नाही. ते विषय कसा मांडतं हे शिक्षकाने आधी स्वतः तपासायला हवं.

जीपीएल परवान्याचं बळ मात्र पुढे दिसलं. मायएसक्यूएल तोवर सन कंपनीकडे होतं; ती ओरॅकलकडे गेली आणि तिच्याबरोबर 2010 साली मायएसक्यूएलही. त्याच्या मूळ कर्त्यांपैकी एक, माँटी विडेनियस, यांनी आधीच तोच कोड घेऊन मारियाडीबी उभं केलं होतं. शिकवणाऱ्यांचं काही अडलं नाही. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नवी आवृत्ती निघणार नाही असं मायक्रोसॉफ्टने 2007 मध्ये जाहीर केलं, तेव्हा फॉक्सप्रो शिकवणाऱ्यांपुढे असा मार्ग नव्हता.

आयआयटी मुंबईच्या एस. सुदर्शन यांचं इथे नाव घ्यायलाच हवं. सिल्बरशात्झ आणि कोर्थ यांच्याबरोबरचं त्यांचं ‘डेटाबेस सिस्टीम कन्सेप्ट्स’ जगभर चालतं. त्याच्या सहाव्या आवृत्तीत, 2010 साली, जुन्या बँकेच्या उदाहरणाऐवजी विद्यापीठाचं उदाहरण आलं, आणि ती टेबलं डेटासकट सर्वांना मोकळी मिळतात. त्यांच्या गटाचं एक्सडेटा हे काम मला त्याहून आवडतं. मुलाची क्वेरी बरोबर आहे की नाही हे दहा ओळींच्या नमुन्यावर चालवून ठरत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने एक तरी विषय घेतलेला असेल तर साधं जॉइन आणि आउटर जॉइन एकच उत्तर देतात, चूक झाकली जाते. एक्सडेटा बरोबर क्वेरीकडे पाहून असा डेटा तयार करतं की चुकीची क्वेरी वेगळं उत्तर देईल. शंभर जर्नलांवर सह्या करणाऱ्या कुणालाही याचं मोल सांगावं लागणार नाही.

पायथन येताना फार गाजावाजा झाला, पण त्याबद्दल मी थोडकंच लिहितो. पायथन शिकणं सोपं आहे हे खरंच. डेटाबेसच्या दृष्टीने मोठी घटना 2006 ची: त्या वर्षी एसक्यूलाइट पायथनच्या आतच मिळू लागलं. सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये आणि फाइल पेन ड्राइव्हवर. दोन गोष्टी मात्र मुलांना आधीच सांगून ठेवायच्या: फॉरिन कीची तपासणी मुद्दाम चालू करावी लागते, आणि आकड्याच्या रकान्यात अक्षरं भरली तरी ते चालवून घेतं.

लॅबमध्ये साधनं आली तरी शिकवणारी माणसं कुठून येणार? आयआयटी मुंबईत कण्णन मौदगल्य यांनी उभा केलेला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प हे त्याचं सर्वांत व्यवहार्य उत्तर ठरलं. साधारण दहा मिनिटांचा एक धडा. पडद्यावरचं सगळं इंग्रजीत, बोलणं मराठीत. एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला स्वतःचं टर्मिनल, थांबवत थांबवत तेच करून बघायचं. मेनू आणि आज्ञा मुद्दाम इंग्रजीत ठेवल्या, कारण नोकरीत त्याच भेटणार. ज्या कॉलेजात लिनक्स येणारं कुणीच नव्हतं तिथे लॅब असिस्टंटही याच धड्यांवर तयार झाले. दाखवायची साधनंही खुली असल्यामुळेच धड्याबरोबर सॉफ्टवेअर देता आलं.

आणि मग 2019. बालभारतीच्या अकरावीच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पुस्तकात पोस्टग्रेस आलं, हिशेबासाठी ग्नूखाता आलं. ग्नूखाता आपल्याच मातीतलं: कृष्णकांत माने या दृष्टिहीन प्रोग्रॅमरच्या पुढाकाराने मुंबईत घडलेलं, पायथनमध्ये लिहिलेलं आणि आपला सगळा डेटा पोस्टग्रेसमध्ये ठेवणारं. एकाच पुस्तकात मुलगी एका धड्यात टेबल तयार करायला शिकते आणि दुसऱ्या धड्यात तशाच टेबलांवर उभं असलेलं, चालतं-बोलतं सॉफ्टवेअर वापरते. शिक्षकाने हे दोन धडे जोडून दाखवले तर व्हाउचर भरल्यावर कोणत्या टेबलात कोणती ओळ वाढली हे ती स्वतः जाऊन बघू शकते.

2020 च्या टाळेबंदीत लॅब बंद झाल्या आणि बऱ्याच मुलांकडे फक्त फोन होता. ब्राउझरमधले कंपायलर त्यांच्या कामी आले. टर्मक्स हे अ‍ॅप टाकून फोनवरच पायथन, सीचा कंपायलर आणि पोस्टग्रेससुद्धा चालवणारे थोडे निघाले. ते थोडेच राहिले याची खंत वाटते, कारण नेट गेलं की ब्राउझरमधली खिडकी बंद होते, फोनमधला कंपायलर चालू राहतो.

एक काम मात्र इतक्या वर्षांत कुणी हाती घेतलेलं दिसत नाही. जीसीसीचे संदेश जर्मन, फ्रेंच, जपानी, व्हिएतनामी भाषांत मिळतात, मराठीत मिळत नाहीत. अकरावीतल्या मुलाला पहिल्या सहामाहीत भेटणारे संदेश मोजकेच असतात: अर्धविराम राहिला, कंस बंद झाला नाही, हे नाव जाहीरच केलेलं नाही, फाइल सापडत नाही. तेवढेच आधी घ्यावेत. भाषांतराच्या फाइली खुल्या आहेत, त्यांच्यासाठी कोड यावा लागत नाही, आणि दरवर्षी शेवटच्या वर्षाची हजारो मुलं प्रोजेक्टचा विषय शोधत असतात.