वायूचें वजन आणि पेवांतील धोका

जुहूच्या किनाऱ्यावर संध्याकाळीं फुगेवाल्याजवळ घटकाभर उभें राहिल्यास रसायनशास्त्राचा एक धडा फुकट मिळतो. तोंडानें फुंकलेला फुगा हातांतून सुटतांच वाळूवर उतरतो. नळकांड्यांतील वायु भरलेला फुगा दोरा सुटला कीं माडांच्याही वर निघून जातो. दोहोंचें रबर एकच, आकारही एकच. भेद आहे तो आंतील वायूच्या वजनाचा. तेथें जो मुलांचा खेळ, तोच आपल्या पेवांत व विहिरींत जीवनमरणाचा प्रश्न होतो. म्हणून त्याचा विचार येथें करूं.

वायूस वजन नसतें ही समजूत चुकीची आहे. एक घनमीटर हवेचें वजन सुमारें १.२ किलोग्रॅम भरतें. इटलींतील शास्त्रज्ञ आवोगाद्रो यानें १८११ सालीं असें प्रतिपादिलें कीं, उष्णमान व दाब सारखे असतां सारख्या जागेंत कोणत्याही वायूचे सूक्ष्म कण, म्हणजे रेणु, सारख्याच संख्येनें असतात. अर्थात् ज्याचा रेणु जड, तो वायु जड. हायड्रोजनच्या रेणूचा भार २, हेलियमचा ४, हवेचा सरासरी २९ आणि कर्बाम्लवायूचा, ज्यास हल्लीं कार्बन डायऑक्साइड म्हणतात त्याचा, ४४. पहिले दोन फुग्यास वर नेतात. शेवटचा हवेच्या दीडपट जड असल्यामुळें खोल जागीं सांचतो.

पेवांतील धान्य सजीव असतें. तें प्राणवायु घेतें व कर्बाम्लवायु सोडतें. ओल असल्यास ही क्रिया फार वाढते. कोंडलेल्या हवेंत किडीची वाढ खुंटते हा पेवाचा गुण. पण त्याच हवेंत माणूसही गुदमरतो. सांगलीजवळील हरिपूर येथील हळदीचीं पेवें प्रसिद्ध आहेत. पेव उघडल्याबरोबर आंत उतरावयाचें नाहीं, हा तेथील प्रघात शास्त्रास धरूनच आहे. पेवें आतां विरळ झालीं, तरी जुन्या विहिरी व शेणाचे खड्डे गांवोगांव आहेत.

वायु एकमेकांत मिसळतात हें खरें, परंतु बंदिस्त खड्ड्यांत तें काम फार सावकाश होतें. शिवाय उन्हाळ्यांत बाहेरची हवा तापून हलकी होते व विहिरींतील गार, जड हवा तळाशींच पडून राहते. विहिरींचा गाळ आपण काढतों तोही उन्हाळ्यांतच!

कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत अर्धीच उपयोगी आहे. हवेंत प्राणवायु शेंकडा २१ असतो. तो सुमारें १६ वर आला कीं ज्योत विझते. विझली तर उतरूं नये हें निश्चित. परंतु जळत राहिली म्हणून हवा निर्दोष ठरत नाहीं. शेणाच्या खड्ड्यांत तर ज्वालाग्राही मिथेन असतो. तेथें दिवा नेणें म्हणजे स्फोटास आमंत्रण.

म्हणून तोंड उघडून पुष्कळ वेळ थांबावें. तळापर्यंत नळी सोडून ब्लोअरनें ताजी हवा घालावी. विहिरीच्या आंत तेलाचें एंजिन चालवूं नये. उतरणाराच्या अंगास दोर बांधून वर दोन माणसें ठेवावीं. तो कोसळल्यास दोरानें ओढून घ्यावा. त्याच्यामागून कोणीही उडी घेऊं नये. एकास वाचविण्यास गेलेला भाऊ वा मुलगाही त्याच वायूंत सांपडतो, आणि एका घरांतून दोन तिरड्या निघतात. कर्बाम्लवायूस रंग नाहीं, वास नाहीं. त्याची ओळख त्याच्या वजनावरूनच ठेवावी लागते.