पडलेल्या फणसाच्या फळ्या, जागेवरच

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि बागांमधले आंबे-फणस मुळासकट आडवे झाले. अशा खोडापर्यंत ट्रक पोचत नाही, आणि फणसाचा गाभा चुलीत घालायला जीव होत नाही. पूर्वी अशा ठिकाणी दोन करवती येत. एक ओंडक्यावर उभा, दुसरा खाली. तेच काम आता एकटा माणूस चेनसॉ मिलने करू शकतो.

आधी परवानगी

आंबा आणि फणस दोन्ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. झाड आपलं, पाडलं वाऱ्याने. तरी करवत लावण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावं.

अवजार

नाव मिल, पण ही नुसती धातूची चौकट. ती चेनसॉच्या पात्याला आवळायची. चौकटीचे दांडे आणि पातं यांतलं अंतर म्हणजे फळीची जाडी. फांद्या छाटायचं छोटं मशीन इथे दम तोडतं. दोन फुटी ओंडक्याला ७० सीसीच्या खाली जाऊ नये. चेनही वेगळी लागते: नेहमीच्या चेनचे दात साधारण ३० अंशांत घासलेले असतात, फळ्या पाडायच्या चेनचे १० अंशांत.

पहिला काप

ओंडका गोल, त्यामुळे चौकटीला टेकायला जागा नसते. म्हणून वर सरळ शिडी किंवा फळी स्क्रूने बसवून तिच्यावरून पहिला काप घ्यायचा. इथे घाई नको. शिडीला पीळ असेल तर तोच पीळ शेवटच्या फळीपर्यंत उतरतो, कारण पुढचा प्रत्येक काप आधीच्या कापावर टेकूनच होतो.

ओंडक्याचं एक टोक थोडं उचललेलं असलं की मशीन उताराने सरकतं. मागच्या फटीत पाचरी ठोकत जाव्यात, नाहीतर फळीच्या वजनाने पातं अडकतं. झाड घराजवळचं असेल तर खिळे नक्की शोधा. कपडे वाळत घालायची दोरी कुठेतरी बांधलेली असतेच! भुसा पिठासारखा बारीक उडतो. तोंडाला मास्क, कानांवर मफ हवेतच.

भुशाचा हिशेब

दर कापात सुमारे ८ मिलिमीटर लाकूड जातं. इंची फळ्या पाडल्या तर जवळपास चौथा हिस्सा भुसा. तेवढ्यासाठी वखारीतली बँड सॉ बरी. चेनसॉ मिलने दोन-अडीच इंची जाड फळ्याच काढाव्यात: बाक, टेबल, उंबरठा.

वाळवण

ताजा फणस पिवळाधमक असतो, पुढे तपकिरी होतो. फळ्यांच्या टोकांना त्याच दिवशी मेण किंवा जुना ऑइलपेंट फासावा, म्हणजे चिरा कमी पडतात. मग पडवीत, जमिनीपासून हातभर वर, दर दीड फुटावर सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी रचायची. पट्ट्या एकाखाली एक, ओळंब्यात. वर दगड. प्लास्टिक गुंडाळलं तर बुरशी धरते.

इंचाला एक वर्ष, हा ढोबळ हिशेब. म्हणजे अडीच इंची फळीला सुतार बोलवायला दोन पावसाळे तरी थांबायचं.