दांड्याचे जाळे आणि सामन मासा

सामन हा मासा जन्माने नदीचा, पण वाढीने समुद्राचा आहे. उत्तरेकडील थंड नद्यांच्या उगमाजवळ, वाळू-खड्यांच्या तळाशी त्याची अंडी उबतात. पिले काही काळ गोड्या पाण्यात राहतात आणि मग समुद्राकडे निघून जातात. दोन-तीन वर्षे समुद्रात यथेच्छ चरून पुष्ट झालेला हा मासा पुन्हा आपल्याच नदीत शिरतो, प्रवाहाविरुद्ध चढत जातो, जन्मस्थळी अंडी घालतो आणि पॅसिफिक महासागरातील बहुतेक जाती तर त्यानंतर लगेच मरून जातात. एवढ्या अफाट समुद्रातून त्याला आपली नदी सापडते कशी? १९५१ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात आर्थर हॅस्लर व वॉरेन विस्बी यांनी असे मत मांडले की, प्रत्येक ओढ्याच्या पाण्याला स्वतःचा असा गंध असतो आणि बालपणी ओळखीचा झालेला तो गंध मासा विसरत नाही. पुढील प्रयोगांनी या मताला बळकटी दिली.

नदीत शिरल्यावर सामन अन्न घेत नाही. समुद्रात साठविलेल्या चरबीवरच त्याला सारी चढण पार करावयाची असते. म्हणून प्रवास जितका लांब व खडतर, तितका मासा आरंभी अधिक स्निग्ध. अलास्कातील कॉपर नदीचा सामन खवय्यांना विशेष प्रिय आहे तो याच कारणाने. सुमारे ४६० किलोमीटर लांबीची ही नदी रँगेल पर्वतातील हिमनदीतून निघते आणि डोंगररांगा भेदून अलास्काच्या आखाताला मिळते. तिचा वेग मोठा असतो आणि पाणी करड्या रंगाचे व अपारदर्शक असते. कारण हिमनद्या खडकावर घासून त्याचे जे पीठ करतात, ते सारे या पाण्यात मिसळलेले असते. दर वर्षी मे महिन्याच्या मध्यापासून या गढूळ पाण्यातून सामनांचे थवे वर चढू लागतात. त्यांत सॉकाय जातीचे मासे सर्वांत जास्त, भल्या थोरल्या आकाराचे चिनूक थोडे आणि उन्हाळा सरताना कोहो.

समुद्रापासून आत, चितिना नावाच्या लहानशा गावाजवळ, हे मासे दांड्याच्या जाळ्याने पकडले जातात. साधन अगदी साधे : धातूचे एक मोठे कडे, त्याला जाळ्याची पिशवी आणि लांब दांडा. कड्याचे तोंड पाच फुटांहून अधिक रुंद नसावे, पिशवीची खोली त्याच्या निम्म्याहून कमी नसावी आणि जाळे हातानेच चालवावे, असा तेथील नियम आहे.

साधन साधे असले तरी त्याच्या वापरामागे एक अडचण आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. कोकण किनाऱ्यावरील डोलजाळे ज्यांनी पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे की, ते भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे तोंड करून लावलेले असते. प्रवाहच पिशवी फुगवितो आणि प्रवाहच मासे आत आणून सोडतो. सामनाच्या बाबतीत हे उलटे होते. तो प्रवाहाच्या विरुद्ध पोहत येतो. तेव्हा जाळ्याचे तोंड नदीच्या खालच्या अंगाला हवे. परंतु तसे ते धरले की मागून येणारे पाणी पिशवीला तोंडातून बाहेर ढकलून उलटी करते, आणि उलट्या पिशवीत मासा शिरणार कसा?

या कोड्याची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, जाळे प्रवाहाच्या दिशेने, पण प्रवाहाहून अधिक वेगाने ओढत न्यावयाचे. म्हणजे पाणी तोंडातून आत शिरते आणि पिशवी उघडी राहते. हे काम फार दमविणारे आहे. दुसरे उत्तर नदीच देते. जेथे काठाचा खडक पात्रात पुढे आलेला असतो, तेथे त्याच्या खालच्या अंगाला पाणी वळून माघारी फिरते आणि काठालगत काही अंतर चक्क उगमाच्या दिशेने वाहते. अशा भोवऱ्यात धरलेली पिशवी आपोआप वरच्या अंगाला फुगते आणि तिचे तोंड येणाऱ्या माशासमोर उघडे राहते. शिवाय शक्ती वाचविण्यासाठी सामन मुख्य धारेत न जाता मंद पाण्याच्या आश्रयाने, काठाला धरूनच चढत असतो. मासा जेथे येतो तेथेच जाळे उत्तम चालते, हा योगायोग मोठा सोयीचा! म्हणूनच चांगल्या भोवऱ्याची जागा मिळविण्यासाठी माणसे रात्रीबेरात्री कडे उतरून जातात.

पाणी गढूळ असल्याने माशाला जाळे दिसत नाही; पण माणसालाही मासा दिसत नाही. सारी भिस्त स्पर्शावर. दांड्याला धक्का जाणवताच तो अर्धा फिरवावयाचा, म्हणजे पिशवी कड्यावर दुमडते आणि मासा अडकतो. मग उचलून काठावर घ्यावयाचे. कधी तासन्तास काही लागत नाही आणि कधी थवा आला की हाताला उसंत नसते. वुड कॅनियन या घळईत काठ उभे व निसरडे आहेत. पाण्यात पडलेल्याला थंडी गारठवून टाकते, आणि गाळ कपड्यांत भरून त्याला खाली ओढतो. म्हणून शहाणी माणसे कमरेला दोर बांधून तो झाडाला किंवा खडकाला अडकवितात.

हे तंत्र मूळचे तेथील अहत्ना लोकांचे. लाकडी चौकटीची जाळी घेऊन ते पिढ्यान्‌पिढ्या याच नदीत सामन धरीत आणि हिवाळ्यासाठी वाळवून ठेवीत. विसाव्या शतकाच्या आरंभी पाण्याच्या जोराने फिरणारी मत्स्यचक्रे तेथे आली आणि वरच्या भागात आजही ती चालतात. चितिनाला मात्र आता मुख्यतः सुमारे ४०० किलोमीटरवरील अँकरेजसारख्या शहरांतील लोक येतात. हा मासा विकता येत नाही. तो घरी खाण्यासाठीच. परवाना अलास्काच्या रहिवाशालाच मिळतो. सध्याच्या नियमाप्रमाणे कुटुंबप्रमुखास २५ आणि प्रत्येक अधिक माणसामागे १० मासे धरता येतात. चिनूक सबंध कुटुंबाला एकच, आणि काही वर्षी तोही नाही.

वादाचे मूळ येथे आहे. टंचाईच्या काळात निर्वाहासाठी होणाऱ्या मासेमारीला कायद्याने अग्रक्रम आहे. चितिनाची मासेमारी निर्वाहाची की नुसत्या घरगुती वापराची, यावर राज्याच्या मत्स्यव्यवसाय मंडळाचाच निर्णय बदलत राहिला : १९९९ साली तिला निर्वाहाच्या वर्गात घातले आणि २००३ साली पुन्हा घरगुती वापराच्या वर्गात नेले. शहरवासी म्हणतात, या माशावर आमचेही वर्षाचे अन्न अवलंबून आहे. अहत्ना लोकांचे म्हणणे असे की, खाली जितके मासे निघतील तितके वर कमी पोहोचतील. दोन्ही विधाने खरी आहेत, हीच खरी अडचण.

तेव्हा मोजदादीला पर्याय नाही. गढूळ पाण्यात डोळ्यांनी मोजणे अशक्य. म्हणून नदीच्या खालच्या भागातील माइल्स सरोवराजवळ १९७८ पासून ध्वनितरंगांच्या साह्याने मासे मोजले जातात. यंत्रातून निघालेला तरंग माशावर आपटून परत येतो आणि नोंद होते. काठालगत चालण्याची सामनाची सवय येथेही उपयोगी पडते, कारण दोन्ही काठांजवळचे पाणी तपासले की बहुतेक मासे मोजणीत येतात. तेथून चितिनाला येण्यास त्यांना साधारण दोन आठवडे लागतात. या आकड्यांवरून पुढच्या आठवड्यात जाळी किती तास टाकावयाची ते ठरते. २०१८ साली सॉकाय इतके कमी आले की मुखाजवळची व्यापारी मासेमारी मध्येच थांबवावी लागली आणि चितिनाची जाळीही काही काळ बंद राहिली.

तरीही कॉपर नदीच्या मुख्य प्रवाहावर धरण नाही, हे तिचे भाग्य. दक्षिणेकडील कोलंबिया नदीवर सेलिलो येथे मोठे धबधबे होते. तेथील मूळ रहिवासी फेसाळत्या पाण्यावर लाकडी मचाणे बांधून हजारो वर्षे अशाच जाळ्यांनी सामन धरीत आले. १० मार्च १९५७ रोजी द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत धबधबे पाण्याखाली गेले. भारतात हिलसा मासाही समुद्रातून नदीत येतो, जरी तो अंडी घालून मरत नाही. १९७५ साली फरक्का बंधारा सुरू झाल्यावर गंगेच्या वरच्या भागातून तो जवळजवळ दिसेनासा झाला.

चितिनाला मासा काठावर आला की पहिले काम कात्रीचे. शेपटीची दोन्ही टोके कापावयाची, म्हणजे तो बाजारात गेल्यास ओळखू येतो. मग परवान्यावर नोंद, रक्त वाहू देणे, आतडी काढून बर्फात ठेवणे. टोके कापल्यावाचून आणि नोंद केल्यावाचून मासा घेऊन निघणाऱ्याला दंड होतो.