जुन्या बुलेटचे इंजिन उतरविताना

आमच्या तुकोगंजात एखाद्या घराच्या अंगणात जुनी बुलेट उघडलेली दिसली की आमची पावले तेथे थबकतात. मद्रासला १९५५ पासून तयार होऊ लागलेल्या या गाडीचे इंजिन ३४६ घनसेंटिमीटरचे आहे. त्याच्या सिलिंडरचा व्यास ७० व दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर असते.

कित्येक मोटारसायकलींत इंजिन चौकटीच्या नळ्यांवर विसावलेले असते. बुलेटच्या जुन्या घडणीत तसे नाही. पुढची नळी इंजिनापाशीच संपते आणि इंजिनच चौकटीची पुढची व मागची बाजू जोडते. ते काढले की चौकटीचा दुवा निखळतो. म्हणून आरंभीच चौकटीस स्वतंत्र आधार द्यावा.

मग बॅटरीच्या तारा सोडवाव्यात, पेट्रोलची टाकी उतरवून विस्तवापासून दूर ठेवावी व ऑइल काढून घ्यावे. नंतर कार्ब्युरेटर, सायलेन्सर, क्लचची तार व चेन क्रमाने विलग करावी. निघालेले नट-बोल्ट चिठ्ठी लावून डब्यांत ठेवावेत. जोडताना हाच क्रम उलटा चालतो.

शेवटी इंजिनाखाली लाकडी ठोकळे सारून त्याचा भार पेलावा आणि मगच मुख्य बोल्ट काढावेत. बोल्ट अडला तर त्यावर बहुधा भार आहे असे समजावे. हातोडा न उचलता ठोकळा किंचित वरखाली करावा, म्हणजे बोल्ट सहज सरकतो. इंजिन जड असते. ते दोघांनी उचलावे व बोटे जपावीत.

विद्यार्थिमित्रांनी हे काम जाणत्या वडीलधाऱ्यांसमवेतच करावे. यंत्रापुढे बळापेक्षा क्रम अधिक उपयोगी पडतो, हे तेथे हातांनाच कळते.