लघवीची नळी: वृद्धाश्रमात भेटायला गेलात की आधी पिशवी बघा

मुलं पुण्या-मुंबईला, आई-वडील बेळगाव, निपाणी किंवा बडोद्याच्या वृद्धाश्रमात, हे चित्र आता नवं राहिलेलं नाही. प्रोस्टेटच्या त्रासाने लघवी तुंबते, खुब्याचं ऑपरेशन होतं किंवा अर्धांगवायूचा झटका येतो. दवाखान्यात लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, घालतात आणि रुग्ण नळीसकट आश्रमात परततो. पुढे नळी का घातली होती हेच सगळे विसरतात. खरा धोका इथूनच सुरू होतो.

संसर्ग होतो कसा?

नळीच्या आतल्या टोकाला छोटा फुगा असतो. तो पाण्याने फुगवला की नळी मूत्राशयात अडकून राहते. म्हणून ती ओढली गेली तर मूत्रमार्गाला जखम होऊन रक्त येतं. एरवी लघवीच्या धारेबरोबर जंतू बाहेर वाहून जातात, पण नळी असली की त्यांना आत चढायला वाट मिळते. नळी असलेल्या रुग्णाच्या लघवीत जंतू शिरण्याची शक्यता दररोज साधारण ३ ते ७ टक्के असते. महिनाभरात बहुतेकांच्या लघवीत जंतू सापडतात. थोडक्यात, नळीचा प्रत्येक जादा दिवस महागात पडतो.

रोजची काळजी

- पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. व्हीलचेअरवर नेताना ती मांडीवर ठेवली की लघवी उलटी आत जाते. हलवण्याआधी पिशवी रिकामी करावी.
- नळीला पीळ पडू नये, ती अंगाखाली दबू नये. मांडीला पट्टीने हलकेच बांधावी.
- पिशवी दोन तृतीयांश भरायच्या आत रिकामी करावी. प्रत्येकाचं भांडं वेगळं असावं आणि तोटी भांड्याला लागू देऊ नये.
- नळीला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. ग्लोव्हज घातले म्हणून हात धुणं चुकत नाही. एका आजोबांची पिशवी रिकामी करून त्याच ग्लोव्हजने दुसऱ्यांकडे जाऊ नये.
- रोज साध्या साबण-पाण्याने जागा धुवावी. डेटॉलसारखी जंतुनाशकं नकोत. बायकांची स्वच्छता पुढून मागे करावी. पुरुषांची कातडी मागे घेऊन धुतल्यावर ती आठवणीने पुढे आणावी, नाहीतर सूज येते.
- नळी आणि पिशवीचा जोड उगाच उघडू नये.
- डॉक्टरांनी पाणी कमी प्यायला सांगितलं नसेल तर पुरेसं पाणी द्यावं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, त्यानेही लघवी अडते.

डॉक्टरांना कधी बोलवायचं?

लघवी गढूळ दिसली किंवा वास आला म्हणून लगेच अँटिबायोटिक नको. त्रास नसताना दिलेल्या गोळ्यांनी जंतू फक्त हट्टी होतात आणि खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडत नाही. पण ताप, थंडी वाजून कापरं भरणं, ओटीपोटात किंवा कमरेत दुखणं, लघवीतून रक्त ही लक्षणं दिसली तर थांबू नये. म्हातारपणी कधीकधी ताप येतच नाही. माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागतो किंवा गळून पडतो. ‘वयामुळे होतंय’ म्हणून ते सोडून देऊ नये. काही तास पिशवीत लघवी उतरली नाही आणि पोट फुगलं, तर नळी तुंबली असं समजून ताबडतोब डॉक्टर किंवा नर्सला बोलवावं.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न

‘ही नळी अजून लागते का?’ काहींना ती खरोखर दीर्घकाळ लागते. पण चादरी आणि डायपर बदलायचं काम वाचतं म्हणून नळी ठेवणं बरोबर नाही. पुरुषांसाठी बाहेरून लावायचा कॉन्डोम कॅथेटर, ठराविक वेळी शौचालयात नेणं, डायपर असे इतर मार्ग डॉक्टरांना विचारता येतात. नळी काढायची ती मात्र प्रशिक्षित माणसानेच.

सीमाभागात अनेकदा रुग्ण मराठी बोलतो, सांभाळणाऱ्या मावशी कन्नड आणि डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं. म्हणून नळी कधी घातली, कशासाठी घातली, कधी बदलायची किंवा काढायची, या गोष्टी मावशींना वाचता येईल अशा भाषेत कागदावर लिहून फाईलला लावाव्यात. पुढच्या भेटीत आधी पिशवी बघावी, मग तो कागद.