समुद्रावरचा पंचनामा

बीडला समुद्र नाही. पण इथल्या शेतात पडणारा ‘उज्ज्वला’ युरिया बनवणारा अलिबागजवळचा थळचा कारखाना उभा राहिला तो मुंबई हायच्या गॅसवर. तो समुद्र कोण राखतं, हा प्रश्न म्हणूनच आपलाही आहे.

मुंबई हायला तेल सापडलं १९७४ साली. त्याच काळात सोन्याची आणि घड्याळांची तस्करी जोरात होती. कस्टमच्या होड्या कमी पडत आणि नौदलाला तस्करांमागे धाडायचं तर युद्धाच्या तयारीत खंड पडे. तोडगा काढायला त्याच वर्षी समिती नेमली गेली. अध्यक्ष होते के. एफ. रुस्तमजी, कामठीत जन्मलेले आणि सीमा सुरक्षा दल उभारणारे पोलीस अधिकारी. स्वतंत्र दल हवं, असं त्यांनी सांगितलं. १ फेब्रुवारी १९७७ रोजी नौदलाच्या दोन फ्रिगेट आणि पाच गस्तीनौका घेऊन तटरक्षक दल सुरू झालं. पहिले महासंचालक व्हाइस ॲडमिरल व्ही. ए. कामथ. पुढच्याच वर्षी १८ ऑगस्टला दलाला कायद्याचा आधार मिळाला. दलातच घडलेला अधिकारी महासंचालक व्हायला मात्र २०१६ साल उजाडलं. ते राजेंद्र सिंह.

या दलाचं नेतृत्व किती अवघड, हे ‘अलोंड्रा रेनबो’ प्रकरणात दिसलं. ॲल्युमिनियमने भरलेलं हे जपानी जहाज चाच्यांनी पळवलं आणि ‘मेगा रामा’ असं नवं नाव रंगवून अरबी समुद्रात आणलं. नोव्हेंबर १९९९ मध्ये तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ने त्याचा पाठलाग केला, नौदलाची ‘प्रहार’ मदतीला आली. चाच्यांनी जहाज पेटवायचा आणि बुडवायचा प्रयत्न केला, तरी ते हाती लागलं. २००३ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने आरोपींना शिक्षा सुनावली. २००५ मध्ये उच्च न्यायालयात ते सुटले. चाचेगिरीसाठी वेगळा कायदाच तेव्हा नव्हता. तो झाला २०२२ साली.

पण कायदा झाला तरी कोर्टात पुरावा लागतोच. गस्तीवरच्या जवानाला म्हणूनच बंदुकीइतकाच पंचनामाही जमायला हवा. संशयित नौकेवर चढल्यावर जीपीएसचे आकडे, वेळ, तांडेलाचे कागद, जाळं, माल यांची नोंद तिथेच, लाटांवर हेलकावत करावी लागते. जागेवरून अधिकार ठरतो: बारा सागरी मैलांच्या आत राज्याचे सागरी पोलीस आणि मत्स्यविभागही येतात. २६/११ नंतर, २००९ पासून, या पट्ट्यातल्या सुरक्षेच्या समन्वयाची जबाबदारी तटरक्षक दलावर आहे. प्रमुखाने नव्या बोटी मागाव्यातच; पण समुद्रात धरलेला गुन्हा कोर्टात टिकेल अशी माणसं घडवणं, हे त्याचं पहिलं काम.