सरकारी भंगार : लिलाव कुणाचा, लाभ कुणाचा?

'निर्लेखित साहित्याचा जाहीर लिलाव' अशी नोटीस तहसील कचेरीच्या फलकावर किंवा वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात नेहमी दिसते. मोडकी कपाटे, बाके, पंखे, तारा, लोखंड असे त्यात असते. आपल्या वस्त्यांतील अनेक बांधव हातगाडी घेऊन दारोदार भंगार गोळा करतात. त्यांची शिकलेली मुले आता विचारतात, हा लिलाव आपण का घेऊ नये? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर भावनेच्या भरात देऊन चालणार नाही, आधी हिशोब मांडला पाहिजे.

समजा, 10 टन मिश्र लोखंड 30 रुपये किलोने घेतले. झाले 3 लाख रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 54 हजार. नोंदणी असेल तर हा कर पुढे वळता होतो, पण आज तो खिशातूनच भरावा लागतो. मालात एक टन माती, रबर आणि लाकूड निघाले, तर विकायला उरले 9 टन. ते 36 रुपयांनी गेले तर हाती 3 लाख 24 हजार. करापूर्वीचा फरक 24 हजारांचा. त्यातून ट्रकभाडे, हमाली, गॅसकटरची मजुरी वजा करा. काय उरते ते वाचकांनीच पाहावे.

सरकार माल विकते ते 'जसे आहे, जेथे आहे' या अटीवर. माल हलका निघाला म्हणून तक्रार चालत नाही. मुदतीत पैसे भरले नाहीत तर बयाणा जप्त होतो, माल उचलायला उशीर झाला तर जागेचे भाडे लागते. म्हणून माल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोली लावू नये. आणि विकणार कुणाला, हे आधी ठरल्याशिवाय तर मुळीच लावू नये.

काही माल आपल्यासाठी नाहीच. 15 वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी गाड्या 2023 पासून नोंदणीकृत केंद्रांतच मोडाव्या लागतात. जुन्या बॅटऱ्या आणि ई-कचरा यांनाही परवानाधारकच लागतात. हे नियम का हवेत, ते दिल्लीच्या मायापुरीने 2010 साली दाखवले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील जुने यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले. आत किरणोत्सारी कोबाल्ट-60 होते. ते उघडणारे कामगार भाजले, एकाचा जीव गेला. कागदावर सही करणारा वेगळा आणि मरणारा वेगळा! ही या देशाची जुनीच रीत नव्हे काय?

मग या धंद्याकडे पाठ फिरवायची काय? आम्हाला तसे वाटत नाही. रेल्वेचे भंगार आणि एमएसटीसी या सरकारी कंपनीचे लिलाव आता ऑनलाइन होतात. चार व्यापाऱ्यांनी दारातच रिंग करून गरिबाला हाकलायचे, हा प्रकार त्यामुळे पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. परंतु भांडवलाची भिंत तशीच उभी आहे. केंद्राच्या 2012 च्या धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून 4 टक्के खरेदी करावी, असे उद्दिष्ट आहे. पण ते सरकार विकत घेते त्या मालापुरते. सरकार विकते तेथे मात्र ज्याची थैली मोठी त्याचाच माल!

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. एकट्याने सावकाराचे कर्ज काढून लिलावात उतरू नका. पाच-दहा जणांनी मिळून संस्था काढा, जीएसटी नोंदणी करा, शाळा-पंचायत समितीच्या लहान लिलावापासून सुरुवात करा. कामगाराला हातमोजे, चष्मा द्या आणि अनोळखी यंत्र फोडू नका. शासनाकडे मागणी करा की लहान लॉट पाडा, बयाण्यात सवलत द्या, नोटिसा सोप्या मराठीत काढा.

पिढ्यान्‌पिढ्या भंगार आपण वेचले, नफा दुसऱ्याने मोजला. आता वजनकाट्यावर आपला माणूस बसला पाहिजे. मात्र बसण्यापूर्वी त्याने हिशोब शिकलेला असला पाहिजे.